कॅनडात शेअर, बाँड की जीआयसी? आणि कोणत्या खात्यात?

ब्रॅम्प्टनकर

नमस्कार मंडळी. या विषयावर तुटक तुटक बरंच वाचलं, पण एका जागी उत्तर सापडेना, म्हणून नवा धागा.

परिस्थिती अशी: मी २०१९ मध्ये पीआर घेऊन आलो, बायको २०२१ मध्ये आली. दोघांना नोकरी आहे. ६०,००० डॉलर साध्या बचत खात्यात पडून आहेत. तीनेक वर्षांत घर घ्यायचा विचार आहे, पण पक्कं नाही. बँकेतून एक बॅलन्स्ड म्युच्युअल फंड सुचवला गेलाय, वार्षिक खर्च २.१ टक्के.

प्रश्न:

१. बाँड सुरक्षित म्हणतात, मग २०२२ मध्ये बाँड फंड एवढे का आपटले?
२. थेट बाँड, बाँड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) आणि जीआयसी (बँकेची हमीची मुदत ठेव) यांत नेमका फरक काय? सरकारकडून थेट बाँड घेता येतात का?
३. अमेरिकन शेअर टीएफएसएत (करमुक्त बचत खात्यात) ठेवावेत की आरआरएसपीत (निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यात)?
४. शेअर विकल्यावर नफा काढताना ब्रोकरच्या पडद्यावर दिसते ती खरेदी किंमत धरली तर चालते का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, मोठा प्रतिसाद चालेल.

कूपनफाड्या

मोठा चालेल म्हणालात, आता भोगा. पहिले दोन प्रश्न माझ्याकडे.

बाँडवर मिळणारं व्याज ठरलेलं असतं, बाजारात बदलते ती त्याची किंमत. समजा १० वर्षांचा, २ टक्के व्याजाचा बाँड १०० डॉलरला घेतला. दुसऱ्या दिवशी तशाच नव्या बाँडवर ४ टक्के मिळू लागले. आता तुमचा २ टक्केवाला बाँड १०० ला कोण घेईल? घेणाऱ्यालाही ४ टक्केच पडले पाहिजेत, म्हणून त्याची किंमत उतरते, साधारण ८३.६५ पर्यंत. यात सरकार बुडालेलं नाही की व्याज थकलेलं नाही. तरी खात्यात १६ टक्के तोटा दिसतो.

२०२२ मध्ये हेच झालं. बँक ऑफ कॅनडाचा दर वर्षाच्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता, डिसेंबरात ४.२५. त्यातच मोठ्या बाँड ईटीएफमध्ये (झेडएजी, एक्सबीबी, व्हीएबी ही नेहमीची नावं) २०-३० वर्षांचे बाँडही असतात. अशा फंडांचं ‘ड्युरेशन’ ७ वर्षांच्या आसपास असतं. ढोबळ हिशेब: दर १ टक्का वाढला की किंमत ड्युरेशनइतके टक्के खाली, म्हणजे इथे साधारण ७ टक्के. कॅनडाचा सर्वसमावेशक बाँड निर्देशांक त्या वर्षी ११ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान पडला. ज्यांनी ‘सुरक्षित’ हा शब्द वाचून घराचे पैसे त्यात ठेवले होते त्यांना चटका बसला. फंड नासका नव्हता, मुदत जुळत नव्हती.

म्हणून फंडाच्या पानावर सगळ्यात आधी ड्युरेशनचा आकडा शोधा. पैसे तेवढ्या वर्षांच्या आत लागणार असतील तर तो फंड तुमचा नाही. एक्सबीबीसारखा ७ चा फंड तीन वर्षांच्या घरासाठी नको. एक्सएसबी किंवा व्हीएसबीसारख्या अल्प मुदतीच्या फंडांचं ड्युरेशन अडीच-तीनच्या घरात असतं, तिथे झटका बराच सौम्य बसतो. दर वाढल्यावर फंडाला नवे बाँड चढ्या व्याजाने मिळतात आणि खड्डा हळूहळू भरून निघतो, पण त्याला साधारण ड्युरेशनएवढा काळ जावा लागतो.

आता थेट बाँड. सरकार लोकांना थेट विकायचं ते कॅनडा सेव्हिंग्ज बाँड २०१७ मध्ये बंद झाले आणि उरलेले सगळे २०२१ अखेर मुदत संपून थांबले. (घरात कुणाचं जुनं प्रमाणपत्र सापडलं तर वटवून घ्या, त्यावर आता व्याज मिळत नाही.) आज केंद्राचे किंवा प्रांतांचे बाँड घ्यायचे तर ब्रोकरमार्फत. ऑनलाइन खात्यात ‘फिक्स्ड इन्कम’ नावाचा कोपरा असतो, बऱ्याच ठिकाणी किमान खरेदी ५,००० दर्शनी (म्हणजे मुदतीअखेर परत मिळणाऱ्या) डॉलरची. वेगळं कमिशन दिसत नाही. ते किमतीत कालवलेलं असतं. त्यामुळे कूपन (बाँडवरचं ठरलेलं व्याज) बघून भुलू नका, ‘यील्ड टू मॅच्युरिटी’ (मुदतीपर्यंत ठेवला तर खरोखर पडणारा वार्षिक दर) बघा आणि त्याच मुदतीच्या जीआयसीशी ताडून बघा. मुदतीआधी विकायला गेलात तर खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातलं अंतर पुन्हा एकदा तुमच्याच खिशातून जातं.

एक व्यवहार नीट उलगडून बघू. बाँड १०,००० दर्शनी, कूपन ३ टक्के, व्याज सहामाही, भाव १०० मागे ९६.५०, मुदत २ वर्षं १० महिने. मागचं व्याज देऊन ६१ दिवस झालेत.

बाँडची किंमत: ९,६५० डॉलर.
साचलेलं व्याज: १०,००० × ३% × ६१/३६५ = ५०.१४ डॉलर.
खात्यातून जाणार: ९,७००.१४ डॉलर.

नवखे लोक इथेच दचकतात, ‘५० डॉलर जास्त कापले’ म्हणून. ते शुल्क नव्हे. त्या ६१ दिवसांचं व्याज आधीच्या मालकाचं, ते तुम्ही त्याला आगाऊ देता आणि चार महिन्यांनी पूर्ण १५० डॉलरचं कूपन तुम्हाला मिळतं. विवरणपत्रात पूर्ण १५० उत्पन्न दाखवायचे आणि दिलेले ५०.१४ ओळ २२१०० वर वजा करायचे. ही वजावट बहुतेक जण विसरतात, कारण टी-५ पावतीवर (व्याजाची वार्षिक कर-पावती) ती छापलेली नसते.

मुदतीअखेर १०,००० हातात येतात. ९,६५० ला घेतलेल्याचे १०,००० झाले, हा ३५० चा फरक भांडवली नफा. त्यातला निम्मा, १७५, करपात्र. तुमचा सीमांत कर (वरच्या शेवटच्या डॉलरवर लागणारा दर) ४० टक्के धरला तर:

व्याज ६ × १५० = ९००, वजा ५०.१४, म्हणजे ८४९.८६. त्यावर कर ३३९.९४.
नफ्यावर कर ७०.
एकूण ४०९.९४.

हीच १,१९९.८६ ची कमाई सगळी व्याज म्हणून आली असती, जशी जीआयसीत येते, तर कर ४७९.९४. दहा हजारांमागे ७० डॉलर वाचले. म्हणून कर लागणाऱ्या साध्या खात्यात दर्शनी किमतीखाली मिळणारे कमी कूपनचे बाँड फायद्याचे. झेडडीबी हा ईटीएफ याच तत्त्वावर चालतो. टीएफएसए-आरआरएसपीत या फरकाला काडीचा अर्थ नाही.

उलट ‘स्ट्रिप’ बाँड (अधेमधे व्याज न देणारे, सवलतीत मिळणारे) साध्या खात्यात अजिबात घेऊ नका. हातात छदाम येत नाही तरी दरवर्षी मानीव व्याजावर कर भरावा लागतो. ते आरआरएसपीत शोभतात.

जीआयसीचं काय? तिला बाजारभाव नसतो, म्हणून तोटा ‘दिसत’ नाही. सीडीआयसीचं (कॅनडाची ठेव विमा संस्था) कवच प्रत्येक सदस्य बँकेत प्रत्येक प्रकाराला १ लाख डॉलर: स्वतःच्या नावावर वेगळं, संयुक्त नावावर वेगळं, टीएफएसएत वेगळं, आरआरएसपीत वेगळं, एफएचएसएत (पहिल्या घरासाठीचं बचत खातं) वेगळं. क्रेडिट युनियन असेल तर कवच प्रांताचं, त्याचे नियम वेगळे. नेहमीची चूक म्हणजे ‘नॉन-रिडीमेबल’ घेणं आणि मग घराचा व्यवहार आधीच जुळणं. ती मोडता येत नाही, म्हणजे खरंच येत नाही. दुसरी चूक: तीन वर्षांच्या जीआयसीचं व्याज शेवटी एकदम मिळणार असलं तरी टी-५ दरवर्षी येतो.

‘मार्केट लिंक्ड’ जीआयसी सुचवली तर अटी वाचा. परताव्याला वरून टोपी असते, आणि शेअरचे लाभांश सहसा मोजतच नाहीत.

आळशी गुंतवणूकदार

कूपनफाड्यांचं गणित चोख आहे, पण धागाकर्त्याच्या ६०,००० साठी ती ७० डॉलरची कसरत हवी कशाला? ज्यांची तिन्ही नोंदणीकृत खाती (टीएफएसए, आरआरएसपी, एफएचएसए) भरून पैसे वर ओसंडतात त्यांना तो खटाटोप शोभतो. इथे तर खाती रिकामी दिसतायत.

घर तीन वर्षांत घ्यायचं असेल तर पहिलं काम एफएचएसए. दोघांनी आपापलं खातं उघडायचं. वर्षाला ८,०००, आयुष्यात ४०,०००. यातली मेख अशी की खातं उघडेपर्यंत मर्यादा साचायला सुरुवातच होत नाही, आणि न वापरलेली मर्यादा पुढे फक्त ८,००० पर्यंतच सरकते. म्हणून आज उघडा, भले १०० डॉलर टाका. दोघांनी आत्ता ८,००० आणि १ जानेवारीला पुन्हा ८,००० टाकले तर ३२,००० आत गेले. सीमांत दर ३० टक्के धरला तर दर ८,००० मागे २,४०० कर कमी. घरासाठी काढताना कर शून्य. घर झालंच नाही तर सगळं आरआरएसपीत वळवता येतं, तेही आरआरएसपीची मर्यादा न वापरता.

दोन खाचखळगे. आरआरएसपीला मिळते ती वर्षानंतरच्या पहिल्या ६० दिवसांची सवलत इथे नाही, ३१ डिसेंबर म्हणजे ३१ डिसेंबर. आणि पहिलं घर या व्याख्येत परदेशातलं घरही मोजतात: चालू वर्षात आणि आधीच्या चार वर्षांत तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात मुख्य घर म्हणून राहिला नसाल तर चालतं. खातं उघडताना जोडीदाराच्या मालकीचं घरही बघतात. पुण्यात फ्लॅट आहे पण २०१९ पासून तिथे राहत नाही, तर अडचण नाही.

आरआरएसपीतून होम बायर्स प्लॅनखाली प्रत्येकी ६०,००० पर्यंत काढता येतात, ते नंतर हप्त्याने परत भरायचे. टाकलेली रक्कम काढण्याआधी ९० दिवस आत असली पाहिजे. नाहीतर वजावट उडते. कंपनी आरआरएसपीत स्वतःचा वाटा घालत असेल तर तो पूर्ण घ्या, त्याच्याइतका परतावा कुठल्याच शेअरात पहिल्या दिवशी मिळत नाही.

या तीन वर्षांच्या पैशात शेअर नको. जीआयसीची शिडी (वेगवेगळ्या मुदतींच्या जीआयसी) किंवा अल्प मुदतीचा बाँड फंड किंवा मनी मार्केट ईटीएफ, यांतलं काहीही. बचत खात्यांत पैसे ठेवणारे ईटीएफ मिळतात त्यांना सीडीआयसीचं कवच नाही, एवढं ध्यानात ठेवा. ब्रोकर बुडाला तर सीआयपीएफ (गुंतवणूकदार संरक्षण निधी) आहे, १० लाखांपर्यंत. पण ते ब्रोकर बुडण्यासाठी, शेअर पडण्यासाठी नव्हे.

२.१ टक्के खर्चाचा फंड: ६०,००० वर वर्षाला १,२६०. बाजार चढो वा पडो. एकाच ईटीएफात शेअर आणि बाँड दोन्ही बांधून देणारे व्हीबॅल, एक्सबॅल यांचा खर्च टक्क्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याच्या आसपास, म्हणजे तेवढ्यावर १२० च्या मागेपुढे. बँकेच्या शाखेत सहसा त्यांच्याच घरचे फंड विकतात, त्यामुळे हे नाव तुमच्यासमोर येणारच नाही. फंडाच्या ‘फंड फॅक्ट्स’ पानावर एमईआरची (वार्षिक खर्चाची) ओळ बघा. जुना फंड बाहेर काढताना दंड लागतो का हेही बघा. बाहेर पडताना दंड लावणाऱ्या फंडांची विक्री १ जून २०२२ पासून बंद झाली, पण आधी घेतलेल्या युनिटांचं वेळापत्रक काही ठिकाणी अजून चालू असेल.

ईटीएफ घेताना: टोरांटोचा बाजार साडेनऊला उघडतो आणि चारला बंद होतो. पहिली आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं टाळा, तेव्हा खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर फाकलेलं असतं. नेहमी ‘लिमिट’ ऑर्डर, भाव विक्रीच्या भावाइतका किंवा एखादा सेंट वर. ‘मार्केट’ ऑर्डर रात्री टाकून झोपलात की सकाळी कुठल्या भावाला लागेल ते ती ऑर्डरच जाणे. २७ मे २०२४ पासून व्यवहार एका कामकाजी दिवसात पुरा होतो, त्यामुळे आज विकून उद्या पैसे हातात.

आता तिसरा प्रश्न. अमेरिकन कंपनीच्या लाभांशातून १५ टक्के तिकडेच कापले जातात (डब्ल्यू-८बेन फॉर्म भरला असेल तर, नाहीतर ३०). टीएफएसएत हे १५ टक्के कायमचे गेले. साध्या खात्यात परदेशी कराची वजावट मिळते. आरआरएसपीत कॅनडा-अमेरिका कर करारामुळे कपातच होत नाही, पण अट अशी की शेअर किंवा ईटीएफ अमेरिकन बाजारात नोंदलेला हवा. टोरांटोत नोंदलेला, आत अमेरिकन शेअर असलेला ईटीएफ आरआरएसपीत ठेवला तरी ही सूट नाही.

पण म्हणून लगेच डॉलर बदलायला धावू नका. १०,००० वर दीड टक्का लाभांश धरला तर १५० डॉलर, त्याचे १५ टक्के साडेबावीस. एवढीच वार्षिक गळती. उलट ब्रोकर चलन बदलताना बहुतेक ठिकाणी दीड टक्क्याच्या आसपास घेतो, म्हणजे १५० डॉलर जाताना आणि तेवढेच येताना. गळती वाचवून हे भरून निघायला एकाच वाटेला सहा-सात वर्षं. रक्कम मोठी असेल तर ‘नॉर्बर्ट्स गॅम्बिट’: डीएलआर हा ईटीएफ कॅनडियन डॉलरात घ्या, ब्रोकरला तो अमेरिकन बाजूच्या डीएलआर.यू मध्ये वळवायला सांगा, मग अमेरिकन डॉलरात विका. खर्च दोन कमिशनं आणि भावांतलं किरकोळ अंतर. खात्याला अमेरिकन डॉलरची बाजू आहे ना हे आधी तपासा. नसेल तर विकताक्षणी ब्रोकर आपल्या दराने परत कॅनडियन करून टाकतो आणि सगळी कसरत पाण्यात.

थोडक्यात, टीएफएसएत टोरांटोवाला ईटीएफ घ्या आणि साडेबावीस डॉलरवर पाणी सोडा.

ब्रॅम्प्टनकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एफएचएसएचं खातं आजच उघडतो.

पण आता पोटात गोळा आलाय. बायकोच्या टीएफएसएत फेब्रुवारीत ४५,००० टाकले. एका तक्त्यात २०२६ पर्यंतची एकूण मर्यादा १,०९,००० लिहिली होती, तीच धरली. ती २०२१ ला आली. आता मे चालू आहे. चुकलंय का?

हिशेबनीस

चुकलंय, पण निस्तरता येण्यासारखं. १,०९,००० हा आकडा २००९ पासून अठरा वर्षांपुढचा आणि कॅनडाचा रहिवासी असलेल्याचा. बाहेरून आलेल्याची मर्यादा ज्या वर्षी रहिवासी झाला त्या वर्षापासून मोजतात. ते पहिलं वर्ष मात्र पूर्ण मिळतं, डिसेंबरात उतरला असला तरी.

तिची मर्यादा: २०२१ आणि २०२२ चे ६,००० प्रमाणे १२,०००. २०२३ चे ६,५००. २०२४, २०२५, २०२६ चे ७,००० प्रमाणे २१,०००. एकूण ३९,५००. टाकले ४५,०००, म्हणजे ५,५०० जास्त. (तुमची मर्यादा २०१९ आणि २०२० चे १२,००० मिळवून ५१,५००. तिचे पैसे तुमच्या खात्यात टाकायला हरकत नाही, त्यावर उत्पन्न वळवल्याचा आक्षेप येत नाही.)

दंड जादा रकमेवर दरमहा १ टक्का, म्हणजे ५५ डॉलर. महिन्यात जास्तीत जास्त जेवढी रक्कम वर होती तेवढीच धरतात, त्यामुळे एक तारखेला काढा की एकतीसला, तो महिना लागतोच. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे: २२० डॉलर. आज ५,५०० काढले तर मीटर इथे थांबतो. जूनची एक तारीख उजाडू देऊ नका. आरसी२४३ हे विवरणपत्र पुढच्या वर्षी ३० जूनपर्यंत भरायचं. प्रामाणिक चूक होती आणि लक्षात येताच पैसे काढले, असं पत्र लिहून सीआरएकडे (कॅनडाचं करखातं) माफी मागता येते. देणं न देणं त्यांच्या हातात, पण काढायला उशीर केला असेल तर अर्जाला अर्थ राहत नाही.

सीआरएच्या ‘माय अकाउंट’मधल्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. वित्तसंस्था मागच्या वर्षाचे व्यवहार फेब्रुवारीअखेरपर्यंत कळवतात. जानेवारीत दिसणारा आकडा बहुतेक वेळा जुना असतो. आणि टीएफएसएतून काढलेल्या रकमेची मर्यादा पुढच्या १ जानेवारीलाच परत येते. एका संस्थेतून काढून त्याच वर्षी दुसरीकडे भरले तर तीही नवी भर. खातं हलवायचं तर ‘ट्रान्सफर’चा फॉर्म नव्या संस्थेकडून भरून घ्या. जुनी संस्था शंभर-दीडशे डॉलर घेते, नवी ते बरेचदा परत देते, पण मागावे लागतात.

आता तुमचा चौथा प्रश्न, ज्यासाठी खरं तर इथे आलो होतो. ब्रोकरच्या पडद्यावरची ‘बुक कॉस्ट’ धरून चालत नाही. कॅनडात एकाच प्रकारचे शेअर कितीही वेळा आणि कितीही ब्रोकरांकडे घेतले तरी त्यांची सरासरी किंमत एकच काढायची. तिला एसीबी म्हणतात. आधी घेतलेले आधी विकले, हा हिशेब इथे नाही.

वहीत असं लिहा:

१०० युनिट २० ला + १० कमिशन = २,०१०
५० युनिट २६ ला + १० कमिशन = १,३१०
एकूण १५० युनिट, ३,३२०. प्रत्येकी २२.१३.

६० विकले २८ ला, वजा १० कमिशन = १,६७०
त्यांचा एसीबी ६० × २२.१३३३ = १,३२८
नफा ३४२, करपात्र १७१.

उरले ९० युनिट, एसीबी १,९९२. इथपर्यंत ब्रोकरलाही जमतं. पुढे अडतं. वर्षअखेर ईटीएफने युनिटमागे ४० सेंट ‘भांडवल परत’ केलं (टी-३ पावतीचा खाना ४२). ते करमुक्त वाटतं, पण एसीबीतून वजा करायचं: ३६ डॉलर, उरले १,९५६. आणि युनिटमागे ७५ सेंट भांडवली नफा वाटला, पण रोख न देता आतच पुन्हा गुंतवला. खात्यात एक सेंट आला नाही, टी-३ वर मात्र आला आणि कर लागला. ते ६७.५० एसीबीत मिळवायचे: २,०२३.५०. हे मिळवायला विसरलात की विकताना त्याच नफ्यावर दुसऱ्यांदा कर. हा तपशील टी-३ वर स्पष्ट दिसत नाही. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सीडीएस इनोव्हेशन्सच्या तक्त्यात मिळतो. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, दहा मिनिटांचं काम.

लाभांश आपोआप पुन्हा गुंतवण्याची सोय चालू असेल तर प्रत्येक वेळची खरेदी वहीत चढली पाहिजे. टी-५००८ च्या (ब्रोकरची विक्रीची कर-पावती) खरेदी किमतीच्या खान्यात बरेचदा चुकीचा आकडा असतो, कधी काहीच नसतं. तो जसाच्या तसा विवरणपत्रात ओढणारी सॉफ्टवेअरं वाट लावतात.

नफ्यातला निम्माच करपात्र, हे अजून तसंच आहे. तो दोन तृतीयांश करण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, जुने लेख वाचून घाबरू नका.

तोट्यात विकताना ३० दिवस आधी आणि ३० दिवस नंतरचा नियम (त्या काळात तोच शेअर पुन्हा घेतला तर तोटा धरत नाहीत) सगळ्यांना माहीत असतो. अडकतात ते दोन जागी: त्या काळात बायकोने तोच शेअर घेतला तरी तोटा नाकारतात. आणि तुम्ही स्वतः टीएफएसए किंवा आरआरएसपीत घेतला तर तोटा कायमचा गेला, कारण त्या खात्यात एसीबीला जोडायला जागाच नाही. तोट्यातला शेअर न विकता तसाच टीएफएसएत सरकवला तरी तेच. आधी बाहेर विका, रोख आत टाका, आत वेगळ्या निर्देशांकाचा ईटीएफ घ्या. तोटा मागच्या तीन वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पुढे कितीही वर्षं नेता येतो. पगारातून मात्र नाही. वर्षाच्या हिशेबात धरायचा तर व्यवहार ३१ डिसेंबरपर्यंत पुरा व्हायला हवा, म्हणजे आदल्या कामकाजी दिवसापर्यंत विका.

मिसिसॉगावाला

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक जोडप्रश्न: भारतात शेअर, म्युच्युअल फंड आणि एफडी आहेत. ते इथे दाखवावे लागतात का? टीडीएस तिकडे कापला जातोच.

हिशेबनीस

दाखवावे लागतात. रहिवाशाचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून तिकडच्या टीडीएसचे कागद जपा. पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथे नाही.

वेगळी गोष्ट टी-११३५. परदेशी मालमत्तेची खरेदी किंमत वर्षात कधीही एकूण १ लाख कॅनडियन डॉलरच्या वर गेली की हा फॉर्म. यात कॅनडियन ब्रोकरकडच्या साध्या खात्यातले अमेरिकन शेअरही धरतात, ते लोकांच्या गावीही नसतं. टीएफएसए-आरआरएसपीतले नाही, टोरांटोत नोंदलेला अमेरिकन शेअरांचा ईटीएफही नाही. भाड्याने दिलेला फ्लॅट मोजतात, स्वतः वापरायचा नाही. कर काही लागत नाही, पण भरला नाही तर दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत.

नव्याने आलेल्यांना दोन सवलती. रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी टी-११३५ नको. आणि ज्या दिवशी रहिवासी झालात त्या दिवशीचा बाजारभाव हीच तुमच्या भारतातल्या शेअरांची खरेदी किंमत. २००५ ला १०० रुपयांना घेतलेला शेअर उतरलात त्या दिवशी १,४०० ला होता, तर इथला नफा १,४०० पासून मोजायचा. त्यासाठी त्या तारखेचा बंद भाव, म्युच्युअल फंडाची एनएव्ही आणि बँक ऑफ कॅनडाचा रुपयाचा दर यांचं पान आजच छापून फायलीत लावा. दहा वर्षांनी विकताना ते शोधत बसावं लागतं.

ब्रॅम्प्टनकर

५,५०० काढले. हिशेबनीस, फेब्रुवारीपासून त्या पैशांवर १९० डॉलर नफा झालाय, तोही काढायचा का?

हिशेबनीस

हो. दंड थांबायला जादा टाकलेली रक्कम काढली की पुरतं, पण माफी हवी असेल तर त्या रकमेवरची कमाईही बाहेर यायला हवी. ते १९० ही आजच काढा. आणि दोन्ही रकमा काढल्याची पावती आजच डाउनलोड करून ठेवा. माफीच्या पत्राला तीच जोडायची आहे.